पाठीमागून उजळलेला पाऊस

'सिंगिंग इन द रेन'मधलं ते पावसातलं गाणं मी हल्ली आवाज बंद करून बघते. सूर थांबला की कारागिरी दिसू लागते. जीन केली छत्री मिटतो, दिव्याच्या खांबावर चढतो, पन्हळीची धार तोंडावर झेलतो आणि एक पाय फूटपाथवर, एक खाली रस्त्यावर असा नाचत सुटतो. पाय नेमके डबक्यात पडतात. पडणारच! पावलं बसवून झाल्यावर त्या-त्या जागी खड्डे खणले होते.

एमजीएमचा हा चित्रपट 1952 चा. दिग्दर्शन केली आणि स्टॅन्ली डोनन यांचं. पाऊस ठळक दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलं, असं अजूनही सांगतात. ते खरं नाही. छायालेखक हॅरल्ड रॉसन यांनी दिवे धारांच्या मागे लावले होते. समोरून उजेड पडला की पाणी कॅमेऱ्यात विरून जातं. मागून आला की थेंबन् थेंब चमकतो. रात्र तर दिवसाढवळ्या रस्त्यावर ताडपत्र्या ताणून केलेली. केलीच्या अंगात 103 अंश ताप, वर भिजून आटत चाललेला लोकरीचा सूट. चेहऱ्यावर मात्र निव्वळ आनंद. ओल्या जमिनीवर टॅपचे ठेके स्वच्छ उमटत नाहीत, म्हणून ते मागाहून भरले.

नायिका डेबी रेनॉल्ड्स तेव्हा 19 वर्षांची, जिम्नॅस्टिक्स शिकलेली, नर्तिका नव्हे. 'गुड मॉर्निंग' या गाण्याच्या चित्रीकरणानंतर तिच्या पायांतून रक्त आलं होतं.

मला सर्वांत जास्त लागतं ते आवाजाचं प्रकरण. मूकपटांची तारका लीना हिचा आवाज चिरका, म्हणून नवखी कॅथी (डेबी रेनॉल्ड्स) पडद्यामागून तिच्यासाठी बोलते, गाते आणि तिचं श्रेय दडपलं जातं, ही चित्रपटाची गोष्ट. प्रत्यक्षात लीना झालेल्या जीन हेगनचा आवाज छान होता. कॅथी लीनाचे संवाद भरते त्या प्रसंगात ऐकू येतो तो हेगनचाच. आणि लीनासाठी कॅथी जे 'वुड यू' गाते, ते गायलं बेटी नॉइस यांनी.

आपल्याकडे 1949 च्या 'महल' चित्रपटाच्या तबकडीवर गायिका म्हणून लता मंगेशकरांऐवजी कामिनी या पात्राचं नाव छापलं होतं. पुढे लताबाई श्रेयासाठी भांडल्या, ते योग्यच केलं. बेटी नॉइस यांचं नाव मात्र, दुसऱ्याच्या आवाजाचं श्रेय लाटू नये हे सांगणाऱ्या या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाही.