न मारायला शिकण्याचं वय

माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त मारामारी कोणत्या वयात करतो? बहुतेकांचं उत्तर असतं, कॉलेजच्या. प्रत्यक्षात ते वय आहे दोन ते तीन वर्षांच्या आसपासचं. ढकलणं, चावणं, केस ओढणं, हातातली वस्तू हिसकावणं, या सगळ्याचा कळस तेव्हा असतो; हातात जोर नसल्यामुळे मोठी इजा होत नाही, एवढंच. कॅनडातल्या माँट्रियलचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून हे दाखवलं आणि मूळ प्रश्नच उलटा केला: मूल मारायला कधी शिकतं हे शोधण्यापेक्षा ते न मारायला कसं शिकतं ते पाहा.

पहिली-दुसरीतल्या दांडगट मुलाबद्दल आपण जे ठासून बोलतो, त्यातलं बरंचसं या प्रश्नापुढे टिकत नाही.

‘मोठा झाला की येईल अक्कल’

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच फसवं आहे. १९८४ मध्ये ट्रेम्ब्ले यांच्या गटानं माँट्रियलच्या गरीब वस्त्यांमधल्या बालवाडीतल्या १,०३७ मुलग्यांची नोंद सुरू केली. त्यांत जवळपास ३२ टक्के मुलगे खूप मारामारी करणारे होते. त्यांच्यातल्या बहुतेकांची, म्हणजे एकूणातल्या २८ टक्क्यांची, मारामारी वयाबरोबर कमी होत गेली. उरलेले ४ टक्के मात्र पंधराव्या वर्षीही तसेच राहिले.

म्हणजे ‘आपोआप सुधारेल’ म्हणून सोडून देणं जितकं चूक, तितकंच ‘हा वाया जाणार’ असं सहाव्या वर्षी ठरवून टाकणंही चूक. त्या वयात बत्तीस जणांकडे पाहून त्यातले चार कोण, हे खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. माझ्या मते लवकर मदत करायची ती एवढ्यासाठीच. जो आपोआप सुधारणार होता त्याचं या मदतीनं काही बिघडत नाही, मात्र ती मदत त्याच्यावर शिक्का न मारता झाली पाहिजे.

‘दोन रट्टे दिले की सरळ होतो’ आणि ‘आईनंच लाडावून ठेवलंय’

ही दोन वाक्यं एकाच घरात, एकाच संध्याकाळी ऐकू येतात. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी निरीक्षकांना लोकांच्या घरी बसवून क्षणाक्षणाची नोंद ठेवली. त्यांना जे दिसलं ते आपल्याही स्वयंपाकघरात घडतं. आई म्हणते, मोबाइल ठेव, जेवायला ये. मूल ऐकत नाही. ती आवाज चढवते, ते रडायला लागतं. ती ओरडते, ते ताट ढकलतं. शेवटी ती थकून म्हणते, बरं, पाचच मिनिटं. क्षणात घर शांत होतं.

त्या शांततेत दोघांनाही काहीतरी मिळालेलं असतं. मुलाला कळतं की ताट ढकललं की मोबाइल राहतो. आईला कळतं की माघार घेतली की आरडाओरडा थांबतो. दुसऱ्या दिवशी मूल रडण्यापासून सुरुवात करत नाही, थेट ताटापासून करतं. आईनं माघार न घेता धपाटा घातला तरी चाक त्याच दिशेनं फिरतं: मारल्यावर शांतता मिळते, म्हणून पुढच्या वेळी हात लवकर उठतो, आणि ज्याचा जोर जास्त त्याचं चालतं हा धडा मूल पक्का करतं. हाच धडा ते शाळेत खेळताना वापरतं. मग बाकीची मुलं त्याला खेळायला घेईनाशी होतात.

यात आईला दोषी धरण्यासारखं काहीच नाही. दिवसभर राबलेल्या कुठल्याही माणसाचं असंच होतं. पण चक्र मोडता येतं. माँट्रियलमध्ये बालवाडीत सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्या अडीचशे मुलग्यांमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना साधारण सात ते नऊ या वयात दोन वर्षं मदत दिली गेली. कार्यकर्ते घरी जाऊन पालकांना साध्याच गोष्टी शिकवत: मुलाचं वागणं नीट पाहणं, चांगलं वागताना दिसलं की तिथल्या तिथे बोलून दाखवणं, नियम मोजके पण रोज तेच ठेवणं, आणि शिक्षा द्यायची तर हात न उगारता.

आपल्याकडे तर शाळेत हात उगारणं बेकायदाच आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं.

‘असल्या मुलांना वेगळंच बसवा’

माँट्रियलच्या कार्यक्रमाचा दुसरा भाग शाळेत चाले. लहान गटांत मुलं मैत्री करायला, राग आवरायला शिकत. त्या गटांत एका त्रासदायक मुलामागे समजूतदार अशी साधारण तीन मुलं मुद्दाम घेतली जात. याचं महत्त्व पुढे आणखी ठळक झालं. टॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की बेशिस्त किशोरांना एकत्र बसवून समुपदेशन केलं तर ते एकमेकांच्या वाईट वागण्याला दाद देतात आणि आणखी बिघडू शकतात. मागच्या बाकावर तिघा ‘दांडग्यांना’ एकत्र बसवतो तेव्हा आपणही नेमका तोच वर्ग भरवत असतो.

‘हे तज्ज्ञांचं काम, वर्गात काय होणार?’

अमेरिकेतल्या बॉल्टिमोरमध्ये १९८५ पासून फक्त शिक्षकांच्या हातून एक खेळ खेळला गेला. पहिलीच्या वर्गात मिश्र संघ पाडायचे, दंगेखोर मुलं सगळ्या संघांत वाटून टाकायची. फळ्यावर नियम लिहायचे. नियम मोडला की संघाच्या नावापुढे खूण. खुणा ठरलेल्या संख्येच्या आत राहिल्या की संघ जिंकला. सगळे संघ जिंकू शकतात. सुरुवात दहा मिनिटांपासून, मग वेळ वाढवत न्यायची. मुलं एकमेकांना खुणावून शांत करू लागतात, आणि जो नेहमी बोलणी खातो त्यालाही संघाला जिंकून देता येतं. ही मुलं १९ ते २१ वर्षांची झाली तेव्हा खेळ न खेळलेल्या मुलग्यांपैकी ३८ टक्क्यांना अमली पदार्थांचं व्यसन जडलेलं होतं. खेळलेल्यांमध्ये हे प्रमाण १९ टक्के होतं.

‘एकदा इलाज केला की प्रश्न मिटला’

नाही मिटत. माँट्रियलची मुलं २४ वर्षांची झाली तेव्हा मदत मिळालेल्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांच्या नावावर गुन्हा होता, न मिळालेल्यांपैकी सुमारे ३३ टक्क्यांच्या. शालान्त शिक्षण पुरं केलेले होते ४६ विरुद्ध ३२ टक्के. फरक मोठा आहे, पण बावीस टक्के हेही मोठेच आहेत. मला हे आकडे तरीही आशेचे वाटतात, कारण ज्यांच्याबद्दल सगळ्यांनी हात टेकले होते अशा मुलांचे ते आहेत.

आपल्या घरात किंवा वर्गात असं मूल असेल तर आधी कान, डोळे आणि वाचन तपासून घ्या. ज्याला फळा दिसत नाही किंवा अक्षरं लागत नाहीत ते मूलही दंगा करतं. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं येतात, त्यांना नेमकं सांगा. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. आणि एक आठवडा वहीत तीन रकान्यांत लिहा: भांडण किती वाजता झालं, त्याआधी काय घडलं, त्यानंतर मोठ्यांनी काय केलं. ती वही घेऊन पालकांनी बाईंना, बाईंनी पालकांना भेटावं. ‘तुमचा मुलगा असा, तुमची शाळा तशी’ याऐवजी बोलणं तिसऱ्या रकान्यापासून सुरू करा.