इंग्रजी भाषा प्रावीण्य परीक्षा

इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा व्यक्तींचे त्या भाषेवरील प्रभुत्व मोजण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या प्रमाणित चाचण्यांना इंग्रजी भाषा प्रावीण्य परीक्षा असे म्हणतात. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांतील विद्यापीठांत प्रवेश घेताना आणि काही देशांचा विद्यार्थी-व्हिसा मिळवताना या परीक्षांचे गुण मागितले जातात. आयईएलटीएस, टोफेल, पीटीई अकॅडमिक आणि ड्युओलिंगो इंग्लिश टेस्ट या त्यांतील प्रमुख परीक्षा होत. या परीक्षांत उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा निकाल नसतो. मिळालेले गुण पुरेसे आहेत की नाहीत, हे ते मागणारी संस्था ठरवते.

इतिहास

केंब्रिज विद्यापीठाने १९१३ साली इंग्रजी प्रावीण्य प्रमाणपत्राची परीक्षा सुरू केली. सुमारे बारा तासांच्या त्या पहिल्या परीक्षेस तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. परदेशी विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागल्यावर अमेरिकेत १९६४ साली टोफेल ही परीक्षा प्रथम घेण्यात आली. ब्रिटनमध्ये १९८० साली सुरू झालेल्या ईएलटीएस या परीक्षेची जागा १९८९ साली आयईएलटीएसने घेतली. पिअर्सन या कंपनीने २००९ साली पीटीई अकॅडमिक आणली. ड्युओलिंगोची परीक्षा घरी बसून संगणकावर देता येते.

स्वरूप

श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण ही चार कौशल्ये तपासणे हा या परीक्षांचा समान आधार आहे. आयईएलटीएसच्या श्रवण व वाचन या विभागांत प्रत्येकी ४० प्रश्न असतात. लेखनासाठी ६० मिनिटांत दोन उत्तरे लिहावी लागतात. त्यांपैकी किमान २५० शब्दांच्या दुसऱ्या उत्तरास पहिल्याच्या दुप्पट महत्त्व असते. संभाषणाची चाचणी ११ ते १४ मिनिटे चालते व ती परीक्षक स्वतः घेतो. टोफेलमध्ये मात्र उमेदवाराची उत्तरे ध्वनिमुद्रित करून नंतर तपासली जातात, तर पीटीईचे गुणांकन मुख्यतः संगणकाद्वारे होते.

परदेशी धाटणीचे उच्चार करता आले पाहिजेत, हा एक रूढ गैरसमज आहे. आयईएलटीएसमध्ये ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांना समान महत्त्व असते. उच्चारांत मुख्यतः बोलणे ऐकणाऱ्यास सहज कळते का, हे पाहिले जाते. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नसल्यामुळे मराठी भाषकांच्या लेखनात ती गाळली जाण्याची किंवा चुकीच्या ठिकाणी येण्याची शक्यता अधिक असते.

गुणांकन

आयईएलटीएसचे गुण ० ते ९ या श्रेणीत, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्याने दिले जातात. पीटीईची श्रेणी १० ते ९० व ड्युओलिंगोची १० ते १६० आहे. टोफेलचे गुण दीर्घकाळ ० ते १२० या श्रेणीत दिले जात. जानेवारी २०२६ पासून १ ते ६ ही नवी श्रेणी लागू करण्यात आली. या निरनिराळ्या श्रेणींची तुलना करण्यासाठी ए१ ते सी२ अशा सहा पातळ्यांच्या सामायिक युरोपीय चौकटीचा उपयोग होतो.

आयईएलटीएसचा एकूण गुण ही चार विभागांची सरासरी असते. समजा, एखाद्या उमेदवारास श्रवणात ७.५, वाचनात ७.५, लेखनात ५.५ आणि संभाषणात ६.५ गुण मिळाले. सरासरी ६.७५ येते व ती ७ धरली जाते. एकूण ६.५ गुण मागणाऱ्या विद्यापीठासाठी हा निकाल वरकरणी उत्तम आहे. परंतु कोणत्याही विभागात ६ पेक्षा कमी गुण नसावेत, अशी अट असल्यास हाच उमेदवार लेखनामुळे अपात्र ठरतो. म्हणून एकूण गुणांइतकीच विभागवार अटही पाहावी लागते. संगणकावर दिलेल्या आयईएलटीएसमध्ये एकच विभाग पुन्हा देण्याची सोय अनेक ठिकाणी आहे, मात्र असा निकाल सर्वच संस्था स्वीकारतात असे नाही.

वैधता

वरील चारही परीक्षांचे गुण साधारणतः दोन वर्षे ग्राह्य धरले जातात, कारण वापरात नसलेले भाषाकौशल्य कालांतराने मंदावते. विद्यापीठाने स्वीकारलेली परीक्षा व्हिसासाठीही चालेलच, असे नसते. दोन्हींचे नियम स्वतंत्रपणे तपासावे लागतात. पूर्वीचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्यास काही विद्यापीठे तसे प्रमाणपत्र घेऊन परीक्षेतून सूट देतात.

टोइक प्रकरण

ब्रिटनमध्ये व्हिसासाठी मान्य असलेल्या टोइक या परीक्षेत काही केंद्रांवर तोतये उमेदवार बसवले जात असल्याचे फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमाने उघड केले. त्यानंतर मुख्यतः आवाजाच्या पडताळणीवरून सुमारे ५८ हजार चाचण्यांपैकी सुमारे ३४ हजार अवैध, तर २२ हजारांहून अधिक संशयास्पद ठरवण्यात आल्या. अनेकांचे व्हिसा रद्द झाले. त्यांत भारतीय विद्यार्थीही होते. आपण निर्दोष असल्याचे सांगत अनेकांनी वर्षानुवर्षे न्यायालयीन लढा दिला व काहींच्या बाजूने निकालही लागले. निर्दोष व्यक्तींवर अन्याय होऊ नये यासाठी गृहखात्याने पुरेशी काळजी घेतली नाही, असे ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ साली नमूद केले. एका गुणपत्रकावर विद्यार्थ्याचे शिक्षण व वास्तव्य किती अवलंबून असते, हे या प्रकरणातून दिसून आले.