गाडीच्या काचा किती काळ्या असाव्यात?

उन्हाळा लागला की अर्धापूरच्या बाजारात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. कोणी नवी गाडी घेतलेली असते, कोणी जुनी. दुकानासमोर गाडी लावून मालक विचारतो, "काचांना फिल्म लावावी म्हणतो. किती काळी लावू?" आम्ही कापडाचे व्यापारी, गाड्यांचे जाणकार नव्हे. पण तीस वर्षे आमचा माल नांदेडहून अर्धापूरला आणि इथून आसपासच्या बाजारांना गाडीतूनच जातो. या प्रश्नापायी आम्ही पैसेही घालवले आणि एकदा मोठ्या संकटातून थोडक्यात वाचलो. म्हणून चार गोष्टी व्यापारी आणि कारागीर बंधूंसमोर मांडत आहोत.

आमचा अनुभव

१९९७ साली आम्ही एक जुनी व्हॅन घेतली. मागची आसने काढून तिथे साड्या आणि ड्रेस मटेरियलचे गठ्ठे ठेवायचो. मे महिन्यात मराठवाड्याचे ऊन काय असते ते सांगायला नको. पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या खाली येत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीला लागून ठेवलेल्या साड्यांच्या घड्यांवर फिकट पट्टे पडले. लाल आणि जांभळा रंग सर्वांत आधी उडाला. तो माल पडत्या भावाने काढावा लागला.

मग एका दुकानदाराच्या सल्ल्याने आम्ही सर्व काचांना, अगदी मागच्या काचेलाही, मिळेल ती सर्वांत काळी फिल्म लावून घेतली. "जितकी काळी तितकी थंड," असे त्याने सांगितले आणि आम्हाला ते पटले. घरच्या बायकांनाही बरे वाटले. नांदेडला दवाखान्यात जायचे, लग्नाला जायचे, तर बाहेरून कोणी डोकावत नाही.

एका पावसाळी संध्याकाळी, मगरिबनंतर, आमचा पुतण्या दुकानामागच्या बोळात गाडी मागे घेत होता. मागच्या काचेतून त्याला नुसता अंधार दिसत होता. शेजारच्या घरातले सहा-सात वर्षांचे पोर सायकल घेऊन मागे उभे होते. सायकलचा आवाज झाला म्हणून त्याने ब्रेक दाबला. सायकलचे चाक वाकले, पोराच्या गुडघ्याला खरचटले. अल्लाहची कृपा, याहून जास्त काही झाले नाही. पुतण्या खाली उतरला तेव्हा त्याचे हात कापत होते. तो एवढेच म्हणाला, "चाचा, मला तो दिसलाच नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही मागच्या काचेची फिल्म काढायला लावली. पोराला नवी सायकल घेऊन दिली आणि त्याच्या वडिलांची माफी मागितली.

त्या दिवसापासून काळ्या काचेचा विचार आम्ही वेगळ्या नजरेने करू लागलो.

टक्क्यांचा हिशेब

फिल्मच्या दुकानात पन्नास टक्के, सत्तर टक्के असे आकडे सांगतात. पुष्कळांचा समज असा की सत्तर टक्के म्हणजे सत्तर टक्के काळी. हे उलटे आहे. हा आकडा काचेतून आरपार जाणाऱ्या उजेडाचा असतो. सत्तर टक्के म्हणजे शंभरातला सत्तर भाग उजेड आत येतो. आकडा जितका लहान तितकी काच काळी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गाडीची काच कारखान्यातून येते तेव्हाच ती पूर्ण आरपार नसते. काचेत हलकी हिरवट झाक असते आणि ती काही उजेड अडवते. तिच्यावर फिल्म लावली की दोन्हींचा गुणाकार होतो. कापडवाल्याला हे समजायला वेळ लागू नये. व्हॉइलचा एक पदर उजेडात धरला तर पलीकडचे दिसते. त्याच कापडाचा दुसरा पदर वर टाकला की पहिल्यातून आलेल्या उजेडातलाच काही भाग पुढे जातो.

उदाहरण घेऊ. काच ७५ टक्के उजेड सोडणारी आहे. तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली, तर आत उजेड येईल साडेसदतीस टक्के. ग्राहक समजतो की आपण पन्नासची लावली आणि कायद्यात बसलो. पण तो बसलेला नसतो. त्याच काचेवर ७० टक्क्यांची फिल्म लावली तर साडेबावन्न टक्के उजेड येतो. समोरची काच ८० टक्क्यांची असेल आणि तिच्यावर ९० टक्क्यांची जवळजवळ पांढरी फिल्म लावली तर ७२ टक्के उरतात. तीच काच ७५ टक्क्यांची असेल तर ९० ची फिल्म लावूनही साडेसदुसष्टच उरतात.

कायदा काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०० हा काचांविषयी आहे. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असे तो सांगतो. पुष्कळ वर्षे हा नियम कागदावरच राहिला. दंड शंभर रुपये होता. शंभर रुपये भरून लोक पुढे जात.

मग अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला. काळ्या काचांच्या आड अपहरण, बलात्कार असे गुन्हे होतात, हे याचिकेत मांडलेले होते. न्यायालयाने म्हटले की, नियमातले टक्के हे कारखान्यात तयार झालेल्या काचेचे आहेत. वरून कोणतीही फिल्म किंवा अन्य वस्तू चिकटवायला नियमात जागा नाही, मग ती कितीही टक्क्यांची असो. ४ मे २०१२ पासून हा आदेश लागू झाला. पोलिसांनी नुसती पावती न फाडता फिल्म काढून टाकावी, असेही सांगितले गेले. त्याच वर्षी १६ डिसेंबरला दिल्लीत एका मुलीवर चालत्या बसमध्ये जो अत्याचार झाला, त्या बसला काळ्या काचा आणि पडदे होते. काळ्या काचेआड काय घडू शकते, हे त्या दिवशी साऱ्या देशाला समजले.

त्यानंतर नियमात बदल झाला. १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० मध्ये आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेल्या सुरक्षा काचेलाही स्थान मिळाले, मात्र ती भारतीय मानकाप्रमाणे हवी आणि ७० व ५० टक्क्यांची अट कायम आहे. या बदलाच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले की, मानकात आणि टक्केवारीत बसणारी फिल्म लावली म्हणून दंड करता येणार नाही. फिल्मची दुकाने आता हा निकाल पुढे करून माल विकतात. पण वाचकांनी ध्यानात ठेवावे की हा निकाल केरळचा आहे. महाराष्ट्रातल्या रस्त्यावर उभा असलेला हवालदार २०१२ च्या आदेशावर बोट ठेवू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे.

काळी काच म्हणजे थंड गाडी नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज हा आहे. सूर्याच्या उष्णतेतला साधारण निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून येतो. साधी रंगवलेली काळी फिल्म दिसणारा उजेड अडवते, पण न दिसणाऱ्या उष्ण किरणांना फारसे रोखत नाही. वर ती स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आत सोडते. म्हणजे अंधारही झाला आणि गाडीही तापली.

उलट सिरॅमिक जातीची चांगली फिल्म जवळजवळ पांढरी दिसते, तरी उष्ण किरण बऱ्याच प्रमाणात अडवते. ती साध्या फिल्मपेक्षा कितीतरी पट महाग असते. धातूचा थर असलेली फिल्मही उष्णता अडवते, पण तिच्यामुळे मोबाईलची रेंज कमी होऊ शकते आणि समोरच्या काचेवर लावल्यास टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जाण्यात अडचण येते. स्वस्त रंगाच्या फिल्मची गत कच्च्या रंगाच्या कापडासारखी असते. दोन-तीन उन्हाळ्यांत ती जांभळी पडते, फुगे येतात, कडा सुटतात. आमच्या व्हॅनची तशीच झाली होती.

मालाचे काय?

कपड्याचा रंग उडतो तो अतिनील किरणांनी, उजेडाने आणि उष्णतेने मिळून. चांगली पांढरी फिल्म अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवते. तरी रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत उघडा माल ठेवला तर तो फिकट होणारच. यावरचा उपाय आपल्याच दुकानात आहे. आम्ही गठ्ठ्यांवर मांजरपाटाचे जाड दुहेरी आच्छादन टाकतो आणि खिडकीपासून वीतभर अंतर ठेवतो. गेल्या कित्येक वर्षांत एकही साडी खराब झाली नाही. ज्यांची गाडी फक्त मालासाठी आहे, त्यांनी मागे खिडक्या नसलेली बंद बॉडीची गाडी पाहावी. गाडी कडुनिंबाखाली लावावी, निघण्याआधी दोन मिनिटे दारे उघडी ठेवावीत. हा फुकटचा उपाय महागड्या फिल्मइतकाच कामाला येतो.

पडद्याचा प्रश्न

आमच्या अनेक बंधूंचे म्हणणे असते की, घरच्या बायकांसाठी काळी काच हवी. आम्हीही हेच म्हणत होतो. एकदा आमच्या सुनेने विचारले, "अब्बा, आम्ही बुरखा घालूनच बसतो. मग काचेला कशाला बुरखा? रस्त्यात काही झाले तर बाहेरच्याला कळायला नको का?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. पडदा हा नजरेचा आणि पेहरावाचा आहे. अडचणीच्या वेळी गाडीतली बाई बाहेरच्यांना दिसणे हेच तिचे संरक्षण आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. रात्री नाकाबंदीत काळ्या काचांची गाडी आधी थांबवली जाते. आत आपली तरुण मुले असली की चौकशी लांबते. गाडीत कापडाचे गठ्ठे आहेत हे पोलिसाला टॉर्च टाकताच दिसले, तर निम्मे प्रश्न तिथेच संपतात. स्वच्छ काच ही आपल्या मुलांची साक्षीदार आहे. दंडाच्या पाचशे रुपयांपेक्षा आम्हाला याची काळजी जास्त वाटते.

फिल्म लावायचीच असेल तर

समोरच्या आणि मागच्या काचेला हात लावू नका. तिथे हिशेबात जागाच उरत नाही, आणि रात्री पावसात नांदेड-नागपूर रस्त्यावर समोरून ट्रकचे दिवे येतात तेव्हा थोडा उजेडही मोलाचा असतो.

बाजूच्या काचांसाठी आधी काच मीटरने मोजायला सांगा, मग फिल्म निवडा, मग गुणाकार करा. सत्तरपेक्षा कमी आकड्याची फिल्म घेऊ नका. फिल्मवर कंपनीचे नाव आणि मानकाचा उल्लेख आहे का ते पाहा. पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड गाडीच्या कागदांसोबत ठेवा. "मी पोलिसांचे बघून घेतो" असे म्हणणाऱ्या दुकानदाराकडून काही घेऊ नका. नाकाबंदीत तो तुमच्यासोबत नसतो.

लावल्यानंतर तीन-चार दिवस काचा खाली करू नका, आतले पाणी सुकू द्या. जुनी फिल्म काढताना ब्लेडने खरवडू नका. उष्णता देऊन हळूहळू सोडवा. मागच्या काचेवर धुके घालवणाऱ्या तारा असतात, त्या उखडल्या तर पुन्हा बसत नाहीत.

शेवटी एक परीक्षा स्वतः करा. मगरिबनंतर चालकाच्या जागेवर बसा. घरातल्या एखाद्या पोराला वीस पावलांवर उभे करा आणि प्रत्येक काचेतून पाहा. पोर स्पष्ट दिसले तर काच ठीक आहे. अंदाजाने दिसत असेल तर फिल्म काढून टाका, मग तिला कितीही पैसे पडलेले असोत.

आमच्या धंद्यात जुनी रीत आहे. गिऱ्हाइकाला कापड दुकानातल्या दिव्याखाली दाखवून भागत नाही, ओट्यावर उजेडात आणून दाखवावे लागते. जो दुकानदार उजेडाला घाबरतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. गाडीचेही तसेच समजावे. आत प्रामाणिक माणूस आणि हलालीचा माल आहे, तर बाहेरच्याने पाहिले म्हणून बिघडत नाही. आणि बाहेर कोणाचे पोर उभे आहे, हे आतल्याला दिसलेच पाहिजे.