दुसरी नजर (भाग ९) : साडेबारा तासांचा रिव्ह्यू

हार्टब्लीड या गाजलेल्या सुरक्षा-चुकीची गोष्ट पुढच्या आठवड्यात. मधेच हैदराबादहून एक पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. काचीगुड्यात वाढलेली, आता गच्चीबावलीत नोकरी करणारी वाचक विचारते : माझ्या कोडचा रिव्ह्यू करणारे सिएटलला बसतात. दहा ओळींचा बदल मर्ज व्हायला चार दिवस जातात. ते मुद्दाम रखडवतात का?

मुद्दाम कशाला रखडवतील! घड्याळ बघा. तिकडच्या उन्हाळ्यात साडेबारा तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेतेरा. संध्याकाळी सहाला तुम्ही पीआर (पुल रिक्वेस्ट) टाकून निघता, तेव्हा तिथे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. तिथला प्रश्न तुम्हाला दुसऱ्या सकाळी दिसतो आणि तुमचं उत्तर ते वाचतात तेव्हा तुमची रात्र झालेली असते. प्रत्येक प्रश्नाला एक अख्खा दिवस. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये हैदराबादेत विकासकेंद्र काढलं, गूगल २००४ मध्ये आलं. हे शहर या घड्याळावर कधीपासून काम करतंय.

मागच्या भागातल्या, कोड तपासणीची पद्धत घालून देणाऱ्या फेगन यांना ही अडचण नव्हती. आयबीएममधली त्यांची १९७६ ची पद्धत म्हणजे सगळे एका टेबलाभोवती. शंका आली की कोड लिहिणारा समोरच बसलेला. आपल्याकडे ते टेबल नाही, म्हणून प्रश्न येण्याआधीच उत्तर लिहून ठेवावं लागतं.

पत्रासोबत तिने आपल्या बदलाचं वर्णन पाठवलंय : ‘टाइमआउट दुरुस्त केला.’ कोडमध्ये ३० चे ९० झालेत, बस. ९० च का? हे विचारलं नसतं, तर रिव्ह्यू करणाऱ्याने नीट वाचलंच नाही असं मी म्हटलं असतं. तेच असं लिहून बघा : ‘महिनाअखेरीस बिलिंगचं उत्तर यायला ७० सेकंदांपर्यंत लागतात, मोजमाप जोडलंय. ९० नंतर विनंती पुन्हा पाठवत नाही, कारण पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. बाकी कुठल्याही सर्व्हिसला हात लावलेला नाही.’ वर्णन लिहायला पाच मिनिटं लागतात आणि तीन दिवस वाचतात.

अल्बर्टो बाकेली आणि ख्रिश्चन बर्ड यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या रिव्ह्यूंचा अभ्यास २०१३ मध्ये मांडला. लोक सांगत, आम्ही चुका पकडायला रिव्ह्यू करतो. प्रत्यक्षात त्यांचं घोडं अडत होतं ते बदल समजून घेण्यापाशी : हा केलाय कशासाठी?

आता सिएटलकरांसाठी. शंका असतील तेवढ्या एकाच फेरीत लिहा. आज दोन, उद्या आणखी दोन, हा लिहिणाऱ्यावर अन्याय आहे. किरकोळ सूचनेवर ‘निट’ असं लिहा, म्हणजे तिच्यासाठी काम थांबवायचं नाही हे कळतं. गूगलच्या जाहीर मार्गदर्शिकेत रिव्ह्यूला जास्तीत जास्त एका कामाच्या दिवसात उत्तर द्यावं असं म्हटलंय. उरलेल्या सूचना किरकोळ असतील तर त्या लिहून बदल मंजूर करून टाकावा, विशेषतः दोघे वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये असताना, असंही त्यात आहे. मला हे मनापासून पटतं. फक्त पैसे आणि लॉगिनच्या कोडला ही सूट नको, आणि टीममध्ये नुकत्याच आलेल्यांनाही नको. त्यांच्यासाठी रात्री साडेआठला, म्हणजे तिकडच्या सकाळी आठला, वीस मिनिटांचा कॉल ठेवा आणि दोघांनी मिळून डिफ वाचा.