धर्मगुरूंच्या हातची ठिणगी

सुरत शहरात पर्वत पाटिया नावाची गजबजलेली वस्ती आहे. पोटापाण्यासाठी सुरतेस गेलेल्या मराठी माणसांस ती अपरिचित नाही. तेथील रस्त्यावर स्कूटर, मोटारसायकली व रिक्षा यांची अखंड रीघ लागलेली असते. यांतील पेट्रोलवर वा गॅसवर चालणाऱ्या प्रत्येक इंजिनात दर मिनिटास शेकडो वेळा ठिणगी उडते, म्हणूनच वाहन पुढे सरकते. बॅटरी तर अवघ्या १२ व्होल्टची. मग ठिणगीस लागणारा हजारो व्होल्टचा दाब येतो कोठून? तो येतो इग्निशन कॉइलमधून. आणि या कॉइलचा मूळ जनक एक कॅथलिक धर्मगुरू होता, हे फारच थोड्यांस ठाऊक असेल.

फादर निकोलस कॅलन यांचा जन्म १७९९ साली आयर्लंडमध्ये झाला. १८२३ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढे रोममध्ये शिकत असता विजेच्या शास्त्राची त्यांस गोडी लागली, आणि १८२६ पासून ते मेनूथ येथील सेमिनरीत पदार्थविज्ञान शिकवू लागले. प्रयोगासाठी लागणारा नालाच्या आकाराचा मोठा लोखंडी गाभा त्यांनी गावच्या लोहाराकडून घडवून घेतला. त्यावर त्यांनी जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे पुष्कळ वेढे दिले. जाड तारेतील प्रवाह एकाएकी तोडला की बारीक तारेत प्रचंड दाबाची वीज उसळते, हे त्यांनी १८३६ साली दाखवून दिले.

व्हिक्टोरिया राणी गादीवर आली त्या १८३७ सालीच त्यांनी घड्याळाच्या यंत्राने प्रवाह वारंवार तोडण्याची युक्ती योजिली. दाब मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते. म्हणून विद्यार्थ्यांस बसणाऱ्या धक्क्यावरून तो अजमावला जाई! पुढे डब्लिनचे आर्चबिशप झालेले विल्यम वॉल्श विद्यार्थिदशेत अशाच एका धक्क्याने बेशुद्ध पडले, असे सांगतात.

परंतु नावलौकिक मात्र दुसऱ्याच्या वाट्यास आला. पॅरिसमधील कुशल कारागीर रुमकॉर्फ यांनी अशा कॉइली सुबक व अधिक प्रभावी केल्या. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्यांस ५०,००० फ्रँकचे पारितोषिक दिले, आणि कॉइलही त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाली. फादर कॅलन १८६४ साली निवर्तले. विसाव्या शतकात मेनूथच्याच एका प्राध्यापकांनी जुनी कागदपत्रे धुंडाळली, तेव्हा कोठे मूळ श्रेय त्यांच्या पदरी पडले.

या कॉइलीने जगाचे केवढे कल्याण केले! १८९५ साली राँटगेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला तो अशाच कॉइलच्या साहाय्याने. कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरींचे प्रयोग केले तेही हिच्याच ठिणगीवर; आणि बोस हे तर सेंट झेवियर्स कॉलेजातील जेझुइट फादर लाफों यांचे विद्यार्थी.

विज्ञानाने श्रद्धा उणावते, असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांस आम्ही एवढेच सांगू की, ज्या हातांनी संत अल्फोन्स लिगोरी यांचे ग्रंथ इंग्रजीत आणले, त्याच हातांनी ही कॉइल गुंडाळली होती. म्हणून आईबापांनो, आपल्या मुलाने विजेविषयी प्रश्न विचारला तर त्यास दटावू नका. उघड्या तारेपासून त्यास दूर ठेवा. पुस्तकापासून व प्रयोगशाळेपासून मात्र कधीही दूर ठेवू नका.