जुनं घर, नवा संसार आणि थोडं सिव्हिल

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. माझ्या मराठीत इंग्रजीचं सिमेंट थोडं जास्त पडतं, सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचा आहे, कारण आज ना उद्या प्रत्येकाच्या गावी एक जुनं घर आणि घरात एक लग्न निघणारच!

माझ्या मावसबहिणीचं लग्न होऊन जेमतेम चार महिने झाले होते, तेव्हा जिजूंच्या आजीचं गुहागरजवळचं घर या दोघांच्या वाट्याला आलं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, आठ वर्षं कुलूप. कंत्राटदाराने पाच मिनिटांत निकाल दिला, "पाडा, स्लॅब टाका." जिजूंना ते पटलं. ताईला पटलं नाही. पाडून बांधायचं तर दहा-बारा वर्षांचं कर्ज डोक्यावर, आणि दुरुस्त करून चूक झाली तर साठवलेले पैसे पाण्यात. नव्या संसारात यावरून आठवडाभर अबोला होता म्हणे!

शेवटी दोघांनी एक गोष्ट ठरवली. रंग, टाइल्स, किचन यावर आत्ता बोलायचंच नाही. आधी घराला काय झालंय ते शोधायचं. आणि त्याचा एक क्रम असतो.

पहिलं, पाणी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचलं की जमिनीतली ओल भिंतीत वर चढते. अकरावीत शिकलेली कॅपिलरी अ‍ॅक्शन ती हीच! म्हणून पहिला खर्च भिंतीवर नाही, अंगणाच्या उतारावर आणि गटारावर करायचा. पाणी घरापासून लांब गेलं की निम्मं दुखणं कमी होतं.

दुसरं, छप्पर. वासे मधून चांगले दिसतात, पण ते भिंतीवर टेकतात त्या टोकांना कुजतात. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायचं. लोण्यासारखा आत गेला तर वासा बदलायचा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे असं समजा. कौल बोटाने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा गेलेलं. जिजू शिडीवर आणि ताई खाली वही घेऊन, असा त्यांचा एक अख्खा रविवार गेला. बरीचशी कौलं परत वापरता आली.

तिसरं, भिंती. आपलं हॉस्टेल आरसीसी फ्रेमचं आहे. वजन कॉलम-बीम घेतात, मधल्या भिंती फक्त आडोसा. चिऱ्याच्या घरात भिंतच वजन घेते. जिजूंना माजघर आणि स्वयंपाकघरामधली भिंत पाडून ओपन किचन हवं होतं. पण माळ्याची तुळई नेमकी त्याच भिंतीवर! शेवटी टेकू देऊन, वर लिंटेल टाकून, फक्त एक रुंद खिडकी काढली. ताईच्या मते भांडण अर्धं जिंकलं, जिजूंच्या मतेही तेच.

आता मुख्य मुद्दा, प्लास्टर. चिरा म्हणजे जांभा दगड. फ्रान्सिस बुकॅननने १८०७ साली, मलबारात हा दगड पाहून, विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. हा सच्छिद्र असतो, ओल शोषतो आणि सोडतो. जुने गवंडी त्यावर चुना लावायचे, कारण चुन्यातूनही वाफ बाहेर पडते. आपण त्यावर सिमेंटचं घट्ट प्लास्टर केलं की ओल आत अडकते आणि आणखी वर चढते. तिच्याबरोबरचे क्षार प्लास्टरमागे स्फटिक होऊन फुगतात आणि पोपडे निघतात. या घराच्या मागच्या भिंतीचं पूर्वी कुणीतरी असंच प्लास्टर केलं होतं, आणि घरात सगळ्यात ओली भिंत तीच!

चुन्याची केमिस्ट्री मस्त आहे. चुनखडी किंवा शिंपले साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजले की कार्बन डायऑक्साइड निघून कळीचा चुना उरतो. पाणी घातलं की तो खदखदतो, तेव्हा डोळ्यांना गॉगल आणि हातांना मोजे हवेतच. भिंतीवर लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. म्हणून काम दिवाळीनंतर लगेच काढायचं, म्हणजे पावसाच्या आत भिंतीला वेळ मिळतो. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायलाच या दोघांना महिना लागला.

या कामात एकट्याने होत नाही अशी एक गोष्ट मी स्वतः पाहिली, लेव्हल पाइप. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने. एकाने न सांगता हात हलवला की दुसऱ्याचं माप चुकतं. ताई ओरडायची, "अरे, थांब म्हटलं ना!" दोन दिवसांनी ओरडणं कमी झालं, मापं बरोबर यायला लागली.

घर अजून पूर्ण झालेलं नाही. पहिला पावसाळा पार पडला, छप्पर गळलं नाही. मागच्या भिंतीचं सिमेंट खरवडून चुना लावलाय, तरी वीतभर ओल आहेच. ती एका दिवसात वाळणार नाही. ताईने ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली आहे. पुढच्या वर्षी रेघ खाली आली तर उपाय लागू पडला, नाहीतर पुन्हा अंगणाचा उतार तपासायचा.

तेव्हा तुमच्या गावच्या घराबद्दल कुणी "पाडा" म्हणालं, तर आधी एक पावसाळा पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघा. हो म्हणायला नंतरही वेळ असतो. पाडलेलं घर मात्र कुठल्याच केटीत परत मिळत नाही!