मनगटावरचा रातकिडा

काकांच्या पश्चात माझ्याकडे आलेल्या घड्याळाला चार काटे आहेत. तास, मिनिट आणि सेकंद हे नेहमीचे, चौथा गजराचा. तबकडीवर ‘व्हल्केन क्रिकेट’ ही अक्षरं. चावी देऊन त्याचा गजर पहिल्यांदा ऐकला आणि एवढ्याशा घड्याळातून असा खणखणीत आवाज येतो कसा, याचा शोध घेतल्याशिवाय मला राहवेना.

मनगटावर गजर वाजवण्याची खटपट जुनी आहे. एटर्ना या स्विस कंपनीनं १९०८ साली त्याचं पेटंट घेतलं आणि १९१४ मध्ये बर्नच्या प्रदर्शनात असं घड्याळ मांडलं. अडत होतं ते आवाजापाशी. टेबलावरच्या घड्याळात घंटेला आणि जाडजूड कमानीला भरपूर जागा असते. मनगटावर मुळात कमान लहान, त्यात घड्याळाची पाठ कातडीला टेकलेली, त्यामुळे ठोका तिथंच दबतो. ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावात व्हल्केनच्या रॉबर्ट दितिशाइम यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. इवलासा रातकिडा दूरवर ऐकू जातो, मग घड्याळाला ते का जमू नये, असं म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी त्यांना धीर दिल्याची हकीकत सांगतात. १९४७ मध्ये घड्याळ बाजारात आलं ते या किड्याचंच नाव घेऊन.

सगळी करामत पाठीत आहे. या घड्याळाला मागं दोन झाकणं असतात. आतलं पातळ पडद्यासारखं, आणि त्याला एक बारीक खुंटी. गजराची वेळ झाली की हातोडी या खुंटीवर भराभर ठोके देते आणि पडदा थरथरतो. बाहेरच्या झाकणाला भोकं आहेत. मनगटाला टेकतं ते हे झाकण, आतला पडदा मोकळाच राहतो. मधल्या पोकळीत आवाज घुमतो आणि भोकांतून बाहेर पडतो. वेळेची कमान वेगळी, गजराची वेगळी, पण चावी एकच: एका बाजूला फिरवली की पहिली भरते, उलट फिरवली की दुसरी. गजर पूर्ण भरला तर वीसेक सेकंद सहज वाजतो.

अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना १९५३ मध्ये निरोपाच्या वेळी व्हाइट हाउसच्या छायाचित्रकारांनी हेच घड्याळ भेट दिलं. आयझेनहॉवर आणि जॉन्सन यांच्या मनगटावरही ते होतं.

वारशात आलेलं गजराचं घड्याळ व्हल्केनचंच असेल असं मात्र नाही. दोन चाव्या आणि मधोमध फिरणारी चकती असेल तर ते बहुधा जेजर-लकूल्त्रचं मेमोव्हॉक्स, १९५० नंतरचं. दोन चाव्या आणि चौथा काटा असेल तर मॉस्कोचं पोल्योत असू शकेल. एक चावी, एक बटण आणि कडेनं फिरणारं कडं दिसलं तर सेइकोचं बेल-मॅटिक. ते १९६६ मध्ये आलं.

घड्याळ सर्व्हिसिंगला देताना घड्याळजीला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. एक, दोन्ही झाकणं मूळचीच परत हवीत. दुसरं कुठलं बसवलं तर वेळ बरोबर दाखवेल, पण गजर मुका होईल. दुसरी, तबकडी रंगवायची नाही. मुंबईत जुन्या तबकड्या नव्यानं रंगवून विकण्याचा धंदा इतका फोफावला, की परदेशी संग्राहकही अशा घड्याळांपासून एकमेकांना सावध करतात. डाग पडलेली मूळ तबकडी चकचकीत रंगवलेलीपेक्षा कितीतरी मोलाची, असं माझं ठाम मत आहे.

गजराचा काटा बारा तासांचा असतो. पहाटे पाचला लावलेला गजर कमान भरलेली असेल तर संध्याकाळी पाचलाही वाजणार, म्हणून ती झोपताना भरावी. पाच-दहा मिनिटांचा फरकही धरून चालावं. आणि साठच्या दशकाआधीचं घड्याळ असेल, अंधारात चमकणारे आकडे असतील, तर त्यात रेडियम असण्याची शक्यता दाट. अशा घड्याळाची काच घरी काढू नये, आणि आकड्यांवरचा रंग तर नखानंही खरवडू नये.